तंतूचा फुगवटा कसा मोजावा



जिल्ह्याच्या दौऱ्यावर निघालेल्या साहेबाचा तंबू ठोकणाऱ्या फरासाला पदार्थविज्ञानाचा गंध नसला, तरी आभाळ भरून येताच तणावे सैल करावयास हवेत, नाही तर भिजून आखडलेल्या सुती दोऱ्या मेखा उपटून काढतील, हे त्याला पक्के ठाऊक असे. भिजलेली वस्तू फुगावी हे ठीक. पण फुगता फुगता ती आखूड कशी होते? याचे कारण तंतूच्या अंगच्या एका पक्षपातात आहे. ओलावा शोषून तो जाडीत सढळपणे वाढतो आणि लांबीत जवळजवळ वाढतच नाही. कापसाच्या तंतूतील सेल्युलोजचे दीर्घ रेणू बहुतांशी तंतूच्या लांबीच्या दिशेने पसरलेले असतात. पाणी त्यांच्या मधल्या फटींत शिरते आणि कडब्याच्या पेंढीत काही खुपसले असता पेंढी जाड व्हावी पण लांब होऊ नये, तसा प्रकार होतो. दोरीत हे तंतू पीळ देऊन एकमेकांभोवती गुंडाळलेले असल्यामुळे, जाडी वाढली की प्रत्येकाचा वेढा मोठा होतो, आणि तेवढ्याच लांबीच्या तंतूतून हा मोठा वेढा पुरवावयाचा, तर दोरीला स्वतःची लांबी आखडती घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

असे असूनही शास्त्रज्ञांनी काळजीपूर्वक मोजून उपयोगात आणली ती आधी लांबीच. जिनीव्हाचे होरास बेनेदिक्त द सोस्यूर यांनी 1783 साली आर्द्रतामापनावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात मानवी केसाचे आर्द्रतामापक वर्णिलेले आहे : सोड्याच्या पाण्यात उकळून तेलकटपणा घालविलेला एक केस, त्याचे एक टोक पक्के, दुसरे बारीक कप्पीवरून नेलेले, आणि कप्पीला काटा. अगदी कोरड्या हवेतून संपृक्त हवेत गेल्यावर केस शेकडा दोन ते अडीच इतकाच लांबतो, म्हणजे दहा इंचांच्या केसाला जेमतेम पाव इंच. परंतु काटा एवढीशी वाढही डोळ्यांना ठळक दाखवितो. सोपे ते आधी मोजले जाते, हा विज्ञानाचाही रिवाज आहे.

जाडीचा मामला मात्र बिकट. कापसाचा तंतू मायक्रॉनांत मोजावयाचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत. त्यातून तो गोल नव्हे, तर चपटा, मुरडलेला, आणि छेद पाहिला तर घेवड्याच्या बीसारखा. भिजला की त्याची मुरड उकलते व छेद गोलाईकडे झुकतो. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली केवळ रुंदी पाहणारा हमखास फसतो. म्हणून छेदाचे क्षेत्रफळ घ्यावे लागते, आणि तेथेही निरनिराळ्या निरीक्षकांच्या नोंदी पाण्यातील वाढ शेकडा सुमारे वीसपासून चाळीसपर्यंत सांगतात. लोकरीच्या बाबतीत एवढी तफावत नाही. तिचा आकडा पंचविसाच्या आसपास येतो.

तंतू हवेतूनही ओलावा घेतो, म्हणून मोजताना हवेची आर्द्रता ठरावीक ठेवावी लागते. हा हवेचा बंदोबस्त त्या मानाने सोपा. बंद पात्रात मिठाचे संपृक्त द्रावण ठेवले, की वरील हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांवर स्थिर राहते. निरनिराळ्या क्षारांनी निरनिराळे टप्पे साधतात. पण खरी मेख पुढे आहे. त्याच हवेत, त्याच तापमानाला, ओल्याकडून सुकत आलेला तंतू कोरड्याकडून ओलावत आलेल्यापेक्षा अधिक पाणी धरून असतो, म्हणजे त्याचा पूर्वेतिहास विचारल्याशिवाय त्याचा फुगवटा सांगणे व्यर्थ. याच कारणास्तव कापडाच्या प्रयोगशाळांत नमुना आधी सुकवितात आणि मग 65 टक्के आर्द्रतेत आणून ठेवतात. तापमान युरोपात 20 अंश सेल्सिअस, तर आपल्या उष्ण देशात 27. अशा स्थितीत कापूस कोरड्या वजनाच्या शेकडा सात-आठ इतके पाणी बाळगतो.

या फुगवट्याचा मला सर्वांत चतुर वाटणारा उपयोग मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटने दुसऱ्या महायुद्धात केला. बर्फाळ समुद्रात पडणाऱ्या वैमानिकांसाठी तेथे लांब तंतूच्या कापसाचे इतके घट्ट कापड विणण्यात आले, की पाणी लागताच सूत फुगून विणीतील छिद्रे आपोआप बुजत. रबराचा लेप नसल्यामुळे कोरडेपणी त्यातून घामाची वाफ बाहेर जाई, आणि ही सोय किरकोळ नव्हती, कारण तो पोशाख वैमानिकाला उड्डाणभर अंगावर वागवावा लागे.