'झिंगाट'च्या पलीकडचा 'सैराट'

आजचा अल्बम २०१६ चा 'सैराट', अजय-अतुलचा. गाणी फक्त चार. माझं मत सांगू? आपण 'झिंगाट'वर नाचत बसलो आणि 'याड लागलं' नीट ऐकलंच नाही. हेडफोन लावून ऐका. मागे व्हायोलिन्स उसळतात ना, तो ऑर्केस्ट्रा थेट हॉलिवूडमध्ये रेकॉर्ड झालाय. गावाकडच्या पोराच्या पहिल्या प्रेमाला एवढा मोठा सूर! आणि पिक्चरच्या शेवटाला? नुसती शांतता.

मध्यंतरी एका मित्राच्या आंतरजातीय लग्नात 'झिंगाट' लागलं. मुलीकडचं कुणीच आलं नव्हतं. सगळे नाचत होते, मला मात्र ती शांतताच ऐकू येत होती. तेव्हापासून 'झिंगाट' लागलं की मी स्किप करतो. तुमचं काय? व्हॉइस नोट पाठवा, भेटू पुढच्या भागात!