हिंमत द्यायची म्हणजे काय करायचं?



गाडगेबाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातले. १८७६ साली शेंडगावात जन्मले. त्यांनी दहा कामं सांगितली. सुरुवात भुकेल्याच्या अन्नापासून केली अन् अखेरीला सांगितलं, दुःखी-निराश माणसाला हिंमत द्या. अन्न कसं वाढायचं ते आपल्याला ठाऊक आहे. हिंमत कशी द्यायची?

अकोल्याकडच्या एका गावात कीर्तन होतं. पंगत उठली अन् एक तरुण पोरगा मंडपाच्या खांबाला धरून मटकन खाली बसला. छाती धडधडते, हात थरथरतात, सदरा घामानं ओला. म्हणे, "मी मरतो!" झाली गर्दी. कोणी म्हणे बाहेरचं लागलं. कोणी चप्पल हुंगवायला आणली. काका ओरडले, "काहून घाबरून राह्यला बे? माणूस हायेस ना!" पोरगा आणखीच घाबरला.

तेवढ्यात एक म्हातारी माय पुढं आली. "सरका बाप्पा, हवा येऊ द्या." त्याच्याजवळ बसली. "बाबू, मी अठीच आहो. कुठी जात नाही. माह्यासंगं हळूहळू श्वास सोड." एवढंच. पंधरा-वीस मिनिटांत पोरगा शांत झाला. दवाखान्यात नेलं. हृदय ठणठणीत निघालं. डॉक्टर म्हणाले, हा पॅनिक अटॅक. सोयाबीन गेलं होतं, डोक्यावर कर्ज होतं, महिनाभर डोळ्याला डोळा नव्हता. घरात कोणी विचारलंच नव्हतं!

आता कुरुक्षेत्रावर चला. अर्जुनाचं तेच झालं. अंगाला कंप, तोंडाला कोरड, हातातलं गांडीव गळालं, रथात खाली बसला. एवढा मोठा वीर! देव आधी काय बोलले? रागावले. हा दुबळेपणा तुला शोभत नाही, म्हणाले. लागू पडलं काय? नाही! अर्जुन म्हणाला मी लढत नाही, अन् गप्प झाला. मग देव हसऱ्या मुद्रेनं बोलू लागले. एकेक शंका ऐकली, अठराव्या अध्यायापर्यंत ऐकली. रथ सोडून गेले नाहीत. देवाच्या रागावण्यानं जे झालं नाही, ते आपल्या रागावण्यानं होईल काय, बाप्पा?

म्हणून ध्यानात ठेवा. हा झटका पुरासारखा चढतो, बहुधा दहा मिनिटांत भरास येतो अन् ओसरतो. ज्याला येतो त्यानं श्वास ओढण्यापेक्षा सावकाश सोडण्याकडे लक्ष द्यावं. पाय जमिनीला टेकवावे, समोर दिसते ती एकेक वस्तू मोजावी. जवळच्यानं गर्दी हटवावी, विचारून हात धरावा, "नाटक करतो" म्हणू नये. छातीत दुखलं तर अंदाज बांधू नका, आधी दवाखाना. अन् झटके वारंवार येत असतील तर उपचार घ्या, माणूस बरा होतो. सरकारचा टेली-मानस क्रमांक १४४१६ आहे. फुकट आहे, रात्रंदिवस चालतो.

नाम घ्या, अवश्य घ्या. पण औषध बंद करून नका घेऊ. रोग्याला औषधोपचार, हेही बाबांच्या त्या दहा कामांतलंच!

आज घरी गेल्यावर एक करा. जो गप्प गप्प असतो, त्याच्याजवळ बसा. विचारा, "झोप लागते का रे बाबू?" अन् मग उपदेश करू नका. ऐका.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!