पँथर मतपत्रिकेवर जन्मला

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला इथं आशावादावर बोलायला बोलावलंय. मला हा शब्दच आवडत नाही. पांढरपेशांच्या दिवाळी अंकातला शब्द आहे तो. आमच्या वस्तीत कुणी आशावादी नसतं. नळाला पाणी येतं, नाहीतर येत नाही. तेव्हा सरळ माझंच सांगतो.

२०१६ साली मी चळवळीतून उठून घरी बसलो होतो. एका बापाच्या नावानं चार गट, चार मंच, चार कर्णे, आणि खाली सतरंजीवर तीच ती माणसं. सगळ्यांचा कंटाळा आला होता. त्या जानेवारीत हैदराबादला रोहित वेमुला गेला. त्या रात्री मी पुस्तकांच्या कपाटाला कुलूप लावलं. म्हटलं, बस झालं. गोडाऊनात रात्रपाळी करायची, दिवसा झोपायचं. मत द्यायचं नाही. कुणी विचारलं की ऐटीत सांगायचो, माझा बहिष्कार आहे.

आमच्या गल्लीत एक आक्का राहते. पाच घरची धुणीभांडी करते. पावसाळा संपता संपता ती दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "तुला लिहाय-वाचाय येतं ना? चल मग. यादी बघायचीय." पुढच्या फेब्रुवारीत महापालिकेची निवडणूक होती आणि आक्का अपक्ष उभी राहणार होती. मी हसलो. ती हसली नाही.

मतदार यादी तुम्ही कधी हातात धरलीय? नुसती मत द्यायला नव्हे, ओळ न् ओळ वाचायला? आपली वस्ती खरी कशी दिसते ते तिथं कळतं. मेलेली माणसं यादीत जिवंत. जिवंत बाया यादीतून गायब, कारण लग्न होऊन आल्या आणि नाव चढवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. झोपडी तुटली, दोन गल्ल्या पलीकडं पुन्हा उभी राहिली, नाव तिकडंच राहिलं. आम्ही एक वही केली. घर, माणसं, कुणाचं नाव आहे, कुणाचं नाही. नमुना ६ चे गठ्ठे भरले. रात्रपाळी सुटली की मी थेट गल्लीत. झोप गेली आणि मला तिची आठवणही झाली नाही.

मग अर्ज. जागा राखीव, म्हणून जातवैधतेचं प्रमाणपत्र पायजे. शपथपत्र, अनामत रक्कम, सूचक. गावात आमची जात कुणी कागदावर मागितली नव्हती, न सांगताच सगळ्यांना ठाऊक असायची. इथं ती शाबीत करताना चपला झिजल्या.

चिन्ह मिळालं कपबशी. आम्ही खूष, सोपं चिन्ह. पण गल्लीच्या टोकाला एक म्हातारबाबा आहेत. पत्रक हातात घेऊन ते कितीतरी वेळ बघतच राहिले. म्हणाले, "गावच्या हाटेलात माझी कपबशी बाहेर असायची. कान तुटलेली. मीच विसळायची, मीच पालथी घालायची. आता हिलाच मत देऊ?" आम्ही गप्प. काय बोलणार? बाबांनी पत्रकाची घडी घातली, खिशात ठेवली. मग म्हणाले, "देतो. बटण कुठलं ते दावा."

त्या रात्री वोटिंगच्या चिठ्ठ्या लिहिताना मला आपल्या पँथरच्या नावाची गोष्ट आठवली. कपाटात कुलूपबंद करून ठेवली होती, ती. १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली. नाव घेतलं अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून. ती पार्टी १९६६ च्या ऑक्टोबरात ओकलंडला निघाली. इथवर आपण सगळे सांगतो. पण ओकलंडच्या पोरांनी तो पँथर आणला कुठून? बंदुकीच्या दुकानातून नव्हे. मतपत्रिकेवरून.

अलाबामा राज्यात लाउंडस नावाची काउंटी आहे. म्हणजे आपला एखादा तालुका धरा. लोकसंख्येत पाचातले चार काळे. आणि १९६५ च्या सुरुवातीला मतदार यादीत काळा माणूस एकही नाही. एकही! स्टोकली कारमायकेल आणि त्याचे जोडीदार तिथं गेले, ते दारोदार फिरले. साथ द्यायला आलेल्या व्हायोला लिउझोला मार्चमध्ये, जोनाथन डॅनियल्सला ऑगस्टमध्ये त्याच काउंटीत गोळी घातली. ज्या कुळानं नाव नोंदवलं त्याला मालकानं जमिनीवरून हुसकलं. मग हायवेच्या कडेला तंबू ठोकून माणसं राहिली. तंबूंवर गोळ्या झाडल्या, तरी राहिली. १९६६ ला त्यांनी स्वतःची पार्टी काढली. तिथल्या कायद्यानं पार्टीला चिन्ह लागायचं. समोरच्या डेमोक्रॅटांचं चिन्ह पांढरा कोंबडा. यांनी घेतला काळा पँथर. शेरीफ काय करतो, कर कोण बसवतो, हे चित्रं काढून पुस्तिकांतून समजावलं. नोव्हेंबरात सात उमेदवार उभे केले. सातही पडले.

१९७० ला त्यांच्यातलाच जॉन ह्युलेट शेरीफ झाला. ज्या माणसाला पाच वर्षांपूर्वी यादीत जागा नव्हती तो! पुढं त्यानं काय काय तडजोडी केल्या तो निराळा विषय आहे, भाबडेपणानं सांगत नाही मी हे.

आता कुणी उठून म्हणेल, १९७४ च्या जानेवारीत मध्य-दक्षिण मुंबईच्या पोटनिवडणुकीवर पँथरनं बहिष्कारच टाकला होता, त्याचं काय? टाकला होता. त्याला मी नावं ठेवत नाही. वरळी पेटली, मोर्च्यात भागवत जाधव गेला, आणि सत्तेतल्या काँग्रेसचा उमेदवार पडला. पण तो बहिष्कार चाळीचाळीत सभा घेऊन, लाठ्या खाऊन उभा केलेला होता. मी दोन पांघरुणं घेऊन झोपलो होतो आणि त्याला बहिष्कार म्हणत होतो. हा फरक मला आक्काच्या वहीनं शिकवला, कुठल्या शिबिरानं नाही. तुम्हाला राग आला तर येऊ द्या.

आक्का पडली. अनामतही गेली. आदल्या रात्री पाकिटं वाटली गेली, आपल्याच काही घरांनी ती घेतली, त्याचा संताप मला अजून आहे. मतमोजणीच्या ठिकाणी मी रडलो. आक्का दुसऱ्या दिवशी पहाटे भांड्यांना गेली. संध्याकाळी आली आणि म्हणाली, "वही कुठाय?"

वही होती. कुणाचं रेशन कार्ड नाही, कुठल्या गल्लीत पाण्याची लाईन नाही, हेही त्यात आपोआप लिहिलं गेलं होतं. २०२२ च्या मार्चमध्ये पालिकेची मुदत संपली, प्रशासक बसला, नगरसेवक म्हणून कुणी उरलंच नाही. लोक जाणार कुठं? आक्काच्या दारात यायला लागले. पडलेल्या बाईच्या दारात. तिथून आम्ही वही काखेत मारून वॉर्ड ऑफिसात जायचो. तीन नंबरच्या गल्लीतली लाईन अशीच आली. पाच नंबरची अजून यायचीय.

आता चौथी वही चालू आहे. पहिलीतली म्हातारबाबांची ओळ आम्हीच खोडली, ते गेले. त्यांच्या नातीचा नमुना ६ भरायचाय, अठरा पुरी झाली तिला. येत्या रविवारी सकाळी सातला गल्लीच्या तोंडाशी जमतोय. यायचं असेल त्यानं पेन आपलं आणावं. चहा आक्काकडं.