सिकलसेलग्रस्त मुलांचे पालक आणि चिकाटी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आमच्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या निवृत्त शिक्षकास या व्यासपीठावरून बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आजचा विषय आमच्या घरातील आहे, आणि येथे बसलेल्या कित्येकांच्या घरातीलही आहे.

सिकलसेल या विकारात रक्तातील तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडताच धान कापण्याच्या विळ्याप्रमाणे वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे व सांधे असह्य दुखू लागतात. माता अथवा पिता यांपैकी एकाकडूनच हा दोष आला, तर मनुष्य केवळ वाहक होतो, रोगी होत नाही. उलट हिवतापापासून त्यास काहीसे संरक्षण मिळते. म्हणूनच हिवतापाच्या मुलखांत हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला. चंद्रपूर-गडचिरोलीचे आपले जंगल त्यांपैकीच एक होय. परंतु दोघांकडूनही दोष आला म्हणजे मूल रोगी होते.

आमच्या कन्येस चौथ्या वर्षी प्रथम कळा आल्या. कोणी वात म्हटला, कोणी करणी म्हटली. निदान होईपर्यंत तीन वर्षे गेली, आणि तेवढा काळ साऱ्या आळीने दोष दिला तो तिच्या आईस. वस्तुतः त्यात आमचा वाटा तिच्याइतकाच होता. हे आम्ही त्या वेळी उच्चरवाने सांगितले नाही, याची खंत आजही वाटते.

पुढे अर्जांचा काळ सुरू झाला. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सातच प्रकार होते व त्यांत सिकलसेल नव्हता. एका कार्यालयात आम्हांस ऐकविण्यात आले, “मुलगी चालते, बोलते, मग अपंग कशी?” निवडणूक आली की आश्वासन मिळे, ती सरली की माणूस बदले आणि पुन्हा पहिल्यापासून सर्व सांगावे लागे. फेब्रुवारी २०१४ मध्ये नवे विधेयक राज्यसभेत मांडले गेले आणि त्यात सिकलसेलचे नाव पाहून आम्ही घरी गोडधोड केले. परंतु लोकसभेची निवडणूक झाली, सरकार बदलले, विधेयक स्थायी समितीकडे गेले, आणि पावणेतीन वर्षे निघून गेली. अखेर डिसेंबर २०१६ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते संमत केले. १९ एप्रिल २०१७ पासून कायदा अमलात आला. प्रकार २१ झाले व त्यांत सिकलसेलही आला.

तथापि तो आनंदही अपुराच ठरला. शासकीय नोकरीतील ४ टक्के राखीव जागा ज्या प्रकारांना दिल्या, त्यांत रक्तविकार नाहीत. उच्च शिक्षणातील ५ टक्के जागांसाठी अपंगत्व ४० टक्के असल्याचा दाखला लागतो. आणि आमच्या मुलांचे दुखणे आज असते, उद्या नसते, मग ते मोजावे कसे? शिवाय कायदा आला तेव्हा आमच्या कन्येचे शिक्षणाचे वय सरले होते. त्या दिवशी आम्ही अर्जांची वही कपाटात टाकून दिली, हे येथे प्रांजळपणे सांगतो.

ती वही कन्येनेच बाहेर काढली. म्हणाली, “बाबा, माझं राहू द्या. पण शेजारच्या पोराचा अर्ज कोण लिहील?” या प्रश्नाने आम्हांस पुन्हा कामास लावले. तेव्हापासून दोन नियम आम्ही पाळतो. प्रत्येक अर्जाची तारीख व आवक क्रमांक वहीत उतरवून ठेवतो. अधिकारी बदलून गेला तरी वही आपल्यापाशी राहते. आणि एकट्याने जात नाही. चार पालक मिळून जातो. ज्याचे मूल त्या महिन्यात रुग्णालयात आहे, त्यास सुटी. नागपूरच्या संपत रामटेके यांचे उदाहरण आपणांपुढे आहेच. पुत्राच्या आजारातून त्यांनी या कार्यास वाहून घेतले, सिकलसेल रुग्णांची संघटना उभारली, आणि २०१८ साली पद्मश्रीने त्यांचा गौरव झाला. एका घरच्या दुःखाचे काम संघटनेमुळेच साऱ्या विदर्भाचे झाले.

आता मंडळाकडे वळतो. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तिचे उद्दिष्ट २०४७ सालचे आहे. तोवर आम्ही असू असे नाही. परंतु एक काम असे आहे की, त्यास ना विधेयक लागते ना मंत्री. दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक गर्भारपणी मूल रोगी होण्याचा संभव चारात एक असतो. वाहक व निर्दोष यांच्या विवाहातून मात्र रोगी मूल जन्मत नाही. म्हणून वधू-वर परिचय पुस्तिकेत एवढीच ओळ छापावी, अशी सूचना आम्ही गतवर्षी मांडली होती: सोयरीक पक्की होण्यापूर्वी उभय घरांनी रक्ताचे अहवाल परस्परांस दाखवावेत. “मुलींची लग्ने अडतील” या भयाने ती बाजूस ठेवण्यात आली. आमची विनंती आहे की, अहवाल पुस्तिकेत छापू नये व चारचौघांत वाचू नये. तो दोन घरांतच राहावा. तपासणी मुलीइतकीच मुलाचीही व्हावी. वाहक असणे हा कलंक नव्हे, आणि वाहक मुलीस निर्दोष वर मिळाला म्हणजे भयाचे कारणही उरत नाही.

संसदेने नावाची नोंद घेण्यास इतकी वर्षे लावली, म्हणून आपण तिला दोष देतो. आपल्या मंडळाने एका ओळीस किती वर्षे लावावीत, हे आपणच ठरवावयाचे आहे. यंदाही सूचना फेटाळली गेली, तरी आम्ही रागावणार नाही. वहीत तारीख लिहू आणि पुढील वर्षी पुन्हा येऊ.