गंभीर जंतुसंसर्ग आणि इंजेक्शन

ताप आला की "डॉक्टर, एक इंजेक्शन देऊनच टाका," असा आग्रह आपण धरतो. … आज बोलू या सेफ्ट्रायॲक्सोन या इंजेक्शनविषयी. रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, मेंदूच्या आवरणाला जंतूंमुळे आलेली सूज, अशा वेळी ते जीव वाचवतं. तिथे उशीर नकोच. पण विषाणूंच्या तापावर ते काहीच करत नाही. … कुणी म्हणेल, घेतलं तर बिघडलं कुठे? बिघडतं. जुलाब लागू शकतात. ॲलर्जी होऊ शकते. शिवाय अशा विनाकारण वापरामुळे जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

म्हणून गरज डॉक्टरांनाच ठरवू द्या. … पेनिसिलिनची ॲलर्जी असेल, तर सुई टोचण्याआधी सांगा. बाटलीतली पांढरी भुकटी विरघळवून हे औषध तयार करतात. स्नायूत टोचलं तर ते फार दुखतं, म्हणून त्यात बधिर करणारं लिग्नोकेन मिसळतात. ते मिश्रण शिरेतून कधीच द्यायचं नसतं. कॅल्शियम असलेल्या सलाईनमध्येही हे औषध मिसळायचं नसतं. नवजात बाळाच्या बाबतीत तर ही चूक जिवावर बेतू शकते. हे घरी जमणारं काम नव्हे. … इंजेक्शननंतर थोडा वेळ दवाखान्यातच थांबा. अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले, दम लागला, तर लगेच सांगा. … "ताप उतरला, मग पुढचे डोस कशाला?" असंही वाटतं. पण ताप आधी उतरतो, जंतू मागे उरू शकतात. थांबायचं कधी, गोळ्यांवर यायचं कधी, हेही डॉक्टरांनाच विचारा.