चुलीची धग आणि ओळखीचे जाळे
(पालक-शिक्षक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘घरची मिळकत आणि घरची बचत’ या विषयावर मी चार शब्द बोलावे, असा आग्रह झाला. मी काही अर्थशास्त्राचा प्राध्यापक नव्हे. पण दहावीच्या निकालानंतर एखादी हुशार मुलगी अकरावीच्या प्रवेशाला येत नाही, आणि चौकशी केली की “सर, यंदा जमणार नाही” एवढेच उत्तर मिळते, हे शिक्षकाला दर वर्षी पाहावे लागते. पुष्कळदा अडलेली रक्कम फार मोठी नसते. पुस्तके, शिकवणी, परीक्षा शुल्क यांची बेरीज महिन्याला हजार-दोन हजारांच्या आसपास येते. एवढी रक्कम घरातूनच उभी राहू शकेल काय, हा माझ्यापुढील प्रश्न आहे.

आजकाल यावर दोन उपाय सुचवले जातात. मोबाइलवरील ओळखीपाळखीतून कमाई करा आणि मंद आचेवर स्वयंपाक करून गॅस वाचवा. दोन्ही उपायांत तथ्य आहे. परंतु ते ज्या रीतीने सांगितले जातात, त्या रीतीने ते खरे नाहीत.

प्रथम स्वयंपाकाचे पाहू. मंद आच आपल्याला नवी नाही. निहारी हे नावच अरबी ‘नहार’ म्हणजे दिवस या शब्दापासून आले; रात्री चढवावी आणि सकाळी उतरवावी, अशी तिची रीत. पाया आणि खिचडा यांचेही तसेच. बिर्याणीच्या डेगेचे झाकण कणकेने लिंपून वर निखारे ठेवणारे बावर्ची आपण पाहिले आहेत. खेड्यात चुलीला वैल असे. मुख्य तोंडावर भाकरी भाजत असताना वैलावर डाळ किंवा पाणी फुकटच्या धगीवर तापत राही. गॅसची शेगडी आली आणि वैल गेला.

पण येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सावकाश शिजवल्याने आपोआप बचत होते, हे खरे नव्हे. रात्रभर लाकूड जाळून शिजवलेली निहारी चवीला अप्रतिम असेल, स्वस्त मात्र नसते. बाजारात विजेवर चालणारे मंद कुकर मिळतात. दोनशे वॅटचा असा कुकर आठ तास चालला, तर दीड युनिटाहून अधिक वीज घेतो. बचत वेळ लावण्यात नसून, एकदा निर्माण केलेली उष्णता बाहेर जाऊ न देण्यात आहे.

हे समजण्यासाठी आठवी-नववीचे विज्ञान पुरे. एक लिटर पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत नेण्यास ७० किलोकॅलरी उष्णता लागते. तेच पाणी उकळून त्याची संपूर्ण वाफ करण्यास आणखी ५४० किलोकॅलरी लागते, म्हणजे जवळजवळ आठपट! आता स्वयंपाकघरात डोकावून पाहा. डाळ उकळली आहे, झाकण बाजूला आहे आणि ज्योत मोठी आहे. पाणी उघड्या पातेल्यात १०० अंशांच्या वर जात नाही. त्यामुळे मोठ्या ज्योतीने डाळ लवकर शिजत नाही, फक्त वाफ अधिक होते. ती वाफ आपण पैसे देऊन विकत घेतो आणि खिडकीतून सोडून देतो.

धान्य-कडधान्याला शिजण्यासाठी ज्योत लागत नाही, उष्णता लागते. पातेले उकळल्यावर ते गुंडाळून ठेवले, तर ते स्वतःच्याच उष्णतेत शिजत राहते. पॅरिसच्या १८६७ सालच्या प्रदर्शनात नॉर्वेतील अशी एक पेटी मांडली होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये इंधनटंचाईमुळे गवताने भरलेल्या खोक्यात अन्न शिजवण्याचा प्रचार झाला. दक्षिण आफ्रिकेत २००८ साली वीज वारंवार जाऊ लागली, तेव्हा एका महिलेने याच तत्त्वावर कापडी पिशवी तयार केली. अमेरिकेतील प्रसिद्ध विजेच्या मंद कुकरचे मूळही असेच घरगुती आहे. आयर्विंग नॅक्सन या संशोधकाला १९४० साली त्याचे पेटंट मिळाले. त्याची प्रेरणा होती आईच्या तोंडून ऐकलेली गोष्ट. ज्यू लोकांत शनिवारी चूल पेटवत नाहीत, म्हणून शुक्रवारी संध्याकाळीच कडधान्य-मांसाचे भांडे गावातील भटारखान्याच्या निवत जाणाऱ्या भट्टीत ठेवून येत. निखारा विझत असतानाही अन्न शिजते, हे त्या बायकांना ठाऊक होते, आपल्या आजीलाही ठाऊक होते.

पेटी करायला खर्च नाही. लाकडी खोके, वेताची पेटी किंवा मोठी टोपली घ्या. तळाशी आणि चहूबाजूंनी जुनी गोधडी, लोकरीचे कपडे, भाताचा पेंढा किंवा तूस भरलेल्या पिशव्या चार बोटे जाडीने दाबून बसवा. मध्ये पातेल्यापुरती जागा. पातेले जाड बुडाचे, झाकण घट्ट आणि भांडे किमान पाऊण भरलेले असावे. अर्धे रिकामे भांडे लवकर निवते. रात्री भिजवलेले हरभरे पंधरा-वीस मिनिटे खळखळ उकळा, झाकण न उघडता पेटीत ठेवा, वर उशी दाबा. तीन-चार तासांत ते मऊ होतात. तुरीच्या डाळीला दहा मिनिटे उकळी आणि दोन तास पेटी. भाताला पाच मिनिटे उकळी आणि पाऊण तास. मटणाचे तुकडे लहान करून पंचवीस मिनिटे नीट उकळले, तर पुढचे काम पेटी करते. पाणी आटत नसल्यामुळे नेहमीपेक्षा सुमारे पाव हिस्सा कमी घालावे. पहिल्या दोन-तीन वेळा अंदाज चुकतो, रस्सा पातळ होतो. तेवढ्याने पेटीला माळ्यावर टाकू नये.

दोन धोके मात्र लक्षात ठेवा. राजमा कच्चा किंवा अर्धवट तापलेला असेल, तर त्यातील एक विषारी द्रव्य नष्ट होत नाही आणि उलट्या-जुलाब होतात. तो भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात चांगला खळखळ उकळल्याशिवाय पेटीत ठेवू नये. अर्धा तास उकळला तर उत्तम. दुसरे असे की, अन्न ६० अंशांच्या खाली कोमट राहिले की त्यात जंतू वाढतात. म्हणून पेटीतून काढताना भांडे हाताला चटका देईल इतके गरम असलेच पाहिजे. वाढण्यापूर्वी एक उकळी द्यावी आणि उरलेले अन्न पेटीत राहू देऊ नये.

बचत किती? अतिशयोक्ती करणार नाही. मोठी ज्योत तासाला साधारण दीडशे ग्रॅम गॅस खाते. रोज अर्धा तास अशी ज्योत वाचली, तर वर्षाला सत्तावीस किलो, म्हणजे १४.२ किलोचे जवळपास दोन सिलिंडर होतात. तुम्ही आधीच ज्योत बारीक ठेवत असाल किंवा प्रेशर कुकर वापरत असाल, तर बचत याहून पुष्कळ कमी होईल. परंतु दुसरी एक बचत आहे. “पातेल्याकडे लक्ष ठेव” म्हणून अभ्यासाच्या टेबलावरून उठवली जाते ती बहुधा मुलगीच असते. मुलाला कोणी उठवत नाही! पेटीकडे लक्ष ठेवावे लागत नाही. माझ्या दृष्टीने तो अर्धा तास सिलिंडरपेक्षा मोलाचा आहे.

आता मिळकतीकडे वळू. मोबाइलवर कमाई म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे यूट्यूबचे व्हिडिओ येतात. जाहिरातींच्या पैशात वाटा मिळण्यासाठी तेथे एक हजार वर्गणीदार आणि वर्षभरात चार हजार तास पाहिले गेलेले व्हिडिओ, अशी अट आहे. ती पार पडली तरी हाती फार पडेलच असे नाही. ज्याला आवड आहे त्याने जरूर करावे. पण पुढच्या महिन्याची फी त्यावर भरता येणार नाही.

घरची फी भरू शकते ती ओळख. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात बायका इमारतीच्या गच्चीवर जमल्या आणि ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटू लागल्या. त्यातून लिज्जत पापड उभा राहिला. त्यांच्यापाशी दूरध्वनीही नव्हता. होता तो शेजार, ओळख आणि रोजचा चोख हिशेब. आजचे व्हॉट्सॲप हे त्या शेजाराचेच वाढलेले रूप समजावे. त्यातील प्रसारण-यादीत २५६ जणांपर्यंत नावे घालता येतात. परंतु ज्याने तुमचा क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे, त्यालाच तुमचा निरोप पोचतो. म्हणजे ओळख दोन्ही बाजूंनी हवी. अनोळखी हजार लोकांपेक्षा ओळखीची चाळीस घरे अधिक कामाची, ती यामुळेच.

माझ्या दोन्ही विषयांची गाठ येथे पडते. मंद स्वयंपाकाला एक गोष्ट आधी कळावी लागते: उद्या कोण किती खाणार? हॉटेलवाल्याला ते ठाऊक नसते. म्हणून त्याची भट्टी सतत पेटलेली आणि रात्री उरलेले अन्न वाया. घरच्या बाईला मात्र ते आदल्या दिवशीच कळू शकते. आमच्या मोहल्ल्यातील एक भाभी दर रविवारी खिचडा करून देतात. गुरुवारी निरोप टाकतात, शनिवारी दुपारनंतर मागणी घेत नाहीत, गहू आणि डाळी रात्री भिजतात, पहाटे एकदाच उकळी आणि मग पेटी. जेवढे डबे सांगितले तेवढेच शिजते. शिळे राहत नाही, म्हणून तोटाही नाही.

हिशेबाचा एक नमुना घ्या. समजा, वीस डबे, प्रत्येकी १२० रुपये. एकूण २४०० रुपये. मटण, धान्य, तूप, मसाला १३५० रुपये. डबे-पिशव्या १२० रुपये. गॅस ४० रुपये. पोचवण्याचा खर्च १५० रुपये. उरले ७४० रुपये. महिन्याचे चार रविवार धरले, तर २९६० रुपये. अकरावीची अडचण यात सुटते. पण या ७४० रुपयांत भाभींची सात तासांची मेहनतही आहे. ती वजा न करता “निव्वळ नफा” म्हणणारे लोक बहुधा स्वतः कांदा चिरत नाहीत. शिवाय आपल्याकडे नातेवाइकांची उधारी हा एक स्वतंत्र विषय आहे. वीस डब्यांपैकी पाच “घरचेच आहेत” म्हणून गेले, तर फायद्यातील सहाशे रुपये गेले. पैसे मागणीबरोबर घ्यावेत. ज्याला भेट द्यायची त्याला ईदला द्यावी!

घरून अन्न विकायचे असले, तरी अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी आवश्यक आहे. लहान उद्योगासाठी ती सोपी आहे. अर्ज ऑनलाइन होतो. आमच्यापैकी कोणीही शिक्षक तो भरून देईल.

आता जरा स्पष्ट बोलतो, राग मानू नये. डबे आई करते आणि पैसे येण्याचा क्यूआर कोड बापाच्या किंवा मुलाच्या खात्याचा असतो, हे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे. मग महिन्याअखेर किती आले हे तिला ठाऊक नसते आणि फीच्या वेळी तिलाच हात पसरावा लागतो. खाते तिच्या नावाचे, सिमकार्ड तिच्या नावाचे, पिन तिच्या लक्षात, एवढे झाले तरच ही मिळकत मुलीच्या शिक्षणापर्यंत पोचते. नाहीतर ती नव्या मोबाइलच्या हप्त्यात जाते.

फसवणुकीविषयीही सांगितले पाहिजे. “व्हिडिओला लाइक करा आणि घरबसल्या रोज दोन हजार मिळवा,” असे निरोप येतात. सुरुवातीला शंभर-दोनशे रुपये खरोखर जमा होतात. तोच गळाला लावलेला घास. नंतर “मोठे काम” देण्यासाठी आधी पैसे भरायला सांगतात आणि ते कधीच परत येत नाहीत. काम देणारा कामगाराकडून पैसे घेत नाही, ही साधी खूण. दुसरी खूण अशी की, पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. “डब्याचे पैसे पाठवतो, जरा पिन टाका” म्हणणारा गिऱ्हाईक नव्हे, चोर होय. तरीही फसगत झालीच, तर लाजेने गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. पैसे पुढे सरकण्याआधी खाते गोठवता आले, तर ते परत मिळण्याची आशा असते.

बोलण्यात वेळ फार गेला. प्रयोगशाळेच्या खोलीत आम्ही दोन पेट्या तयार करून ठेवल्या आहेत, एक पेंढ्याची आणि एक गोधडीची. दोन्हींत सकाळी साडेनऊला उकळलेले हरभरे आहेत. कोणत्या पेटीतले आधी मऊ होतात, यावर नववीच्या वर्गात वाद चालू आहे. पाहायला अवश्य या. मात्र दीड वाजेपर्यंत झाकण कोणी उचलू नका.