पराभवाच्या वहीतील जमेची बाजू

श्रोतेहो, मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली जात असताना जो कोणी घटकाभर उभा राहिला असेल, त्याच्या ध्यानात एक गोष्ट आल्यावाचून राहिली नसेल. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळाकार टाकलेल्या त्या प्रचंड जाळ्याची दोन टोके किनाऱ्यावरील माणसांच्या दोन रांगा ओढीत असतात. जाळे काठाशी येईपर्यंत आत काय आहे हे कोणासच ठाऊक नसते. कधी ते भरून येते, तर कधी मूठभर मासळी नि शेवाळ घेऊन येते. परंतु मासळी थोडी लागली म्हणून दोर ओढणाऱ्याचा हिस्सा बुडत नाही. जे काही मिळाले असेल त्याचे वाटे पडतात आणि ज्याने ज्याने हात लावला त्याच्या पदरात त्याचा वाटा जातो.

क्रिकेटच्या शौकिनांत याच न्यायाने चालणारी एक करमणूक आहे. एखादा मोसम वाईट गेला, आपला संघ सामन्यामागून सामने हरला, की दिवेलागणीनंतर ओसरीवर चार माणसे जमावीत, संघातील एकेकाचे नाव घ्यावे आणि त्या मोसमातील त्याचा सर्वांत चांगला सामना कोणता, ते सांगावे. या करमणुकीचे नियम दोनच. पहिला नियम असा, की जमेची बाजू मांडण्यापूर्वी नावेची बाजू मोठ्याने वाचावयाची. पराभवाचे आकडे गिळावयाचे नाहीत. दुसरा नियम असा, की एकाही खेळाडूस वगळावयाचे नाही. वरवर पाहता हा पोरखेळ वाटेल. परंतु दुसरा नियम पाळताना भल्याभल्यांची तारांबळ उडते, आणि त्यातच या खेळाचे मर्म आहे.

या करमणुकीसाठी 1947-48 सालच्या मोसमाइतका योग्य मोसम दुसरा सापडणे कठीण. स्वतंत्र भारताचा पहिला क्रिकेट संघ त्या वर्षी ऑस्ट्रेलियास गेला. ज्यांनी त्या सामन्यांच्या वार्ता तरुणपणी वाचल्या, त्यांच्यापैकी जे हयात आहेत ते आता नव्वदीच्या पलीकडे गेले आहेत. पण त्यांच्या आठवणी मुलानातवंडांकडे वारसाहक्काने आल्या आहेत. मालवण तालुका त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यात होता. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 साली निर्माण झाला. मुंबईची वृत्तपत्रे आगबोटीने येत आणि उतारूंबरोबर पडावातून बंदरावर उतरत. सामन्याची वार्ता किनाऱ्यावर पोहोचे तोवर ती शिळी झालेली असे. परंतु ज्याला ती ठाऊक नाही त्याला ती ताजीच!

तर प्रथम नावेची बाजू. पाच कसोटी सामने झाले. चार भारताने गमावले, एक पावसाने अनिर्णीत राहिला. ब्रिस्बेनला भारताचा पहिला डाव अवघ्या 58 धावांत आटोपला आणि दुसरा 98 धावांत. टोशॅक या डावखुऱ्या गोलंदाजाने पहिल्या डावात 19 चेंडूंत 2 धावा देऊन 5 गडी बाद केले. मेलबर्नच्या अखेरच्या कसोटीत दुसरा डाव 67 धावांत कोसळला. चारांपैकी तीन पराभव डावाने झाले. एकट्या ब्रॅडमनने मालिकेत 715 धावा केल्या. हे सारे मान्य करावयाचे. विजय मर्चंट प्रकृतीच्या कारणाने गेला नाही, रुसी मोदी व मुश्ताक अली गेले नाहीत, फाळणीमुळे फजल महमूद पाकिस्तानात राहिला, ही कारणे खरी आहेत; पण कारणे सांगितल्याने धावफलक बदलत नाही.

आता जमेची बाजू. पहिले नाव अर्थातच विजय हजारे यांचे. सांगलीत जन्मलेल्या या अबोल गृहस्थाचा उत्तम सामना म्हणजे ॲडलेडची चौथी कसोटी, याबद्दल दुमत होत नाही. ऑस्ट्रेलियाने 674 धावांचा डोंगर रचला होता. उत्तरादाखल हजारे यांनी 116 धावा काढल्या, तरी फॉलो-ऑन टळला नाही. दुसऱ्या डावात लिंडवॉलने 38 धावांत 7 गडी टिपले आणि भारताच्या सहा फलंदाजांच्या नावापुढे भोपळा लागला. त्याच डावात हजारे यांनी 145 धावा केल्या. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक ठोकणारे ते पहिले भारतीय होत. सामना एक डाव व 16 धावांनी गेला. एवढी झुंज देऊन 16 धावा उरल्याच, असे हळहळणारे लोक मालवणात होते आणि आजही निघतील.

दत्तू फडकर यांच्या बाबतीत मात्र वाद रंगतो. कोल्हापूरच्या या तरुणाने पहिली कसोटी सिडनीला खेळली ती 12 डिसेंबर 1947 रोजी, म्हणजे नेमकी त्याच्या बाविसाव्या वाढदिवशी. त्याने 51 धावा केल्या आणि नंतर 14 धावांत 3 गडी बाद केले. हजारे यांनी 4 गडी घेतले, त्यात त्रिफळा उडालेला ब्रॅडमनही होता. ऑस्ट्रेलियाचा डाव 107 धावांत संपला. एक पक्ष हाच सामना फडकरचा उत्तम सामना मानतो. दुसरा पक्ष ॲडलेडच्या 123 धावा पुढे करतो. तेथे त्याने हजारे यांच्या साथीने सहाव्या जोडीसाठी 188 धावांची भर घातली. ज्याने चार कसोट्या खेळून प्रत्येक कसोटीच्या पहिल्या डावात पन्नाशी ओलांडली, त्याचा एकच सामना निवडणे खरोखर अवघडच.

विनू मांकड याची कथा निराळी. पहिल्या दोन कसोट्यांच्या चार डावांत त्याला एकदाही दोन आकडी धावसंख्या गाठता आली नव्हती. तिसऱ्या कसोटीत, मेलबर्नला, त्याने 116 धावा केल्या. ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटीत भारतीयाने केलेले ते पहिले शतक होय. अखेरच्या कसोटीत पुन्हा 111. सिडनीच्या कसोटीत त्याने पुढे सरसावलेल्या बिल ब्राऊनला गोलंदाजाच्या टोकाला धावबाद केले आणि त्यावरून इंग्रजी भाषेत त्याच्या नावाचे एक क्रियापदच रूढ झाले. ब्रॅडमनने मात्र आपल्या आत्मचरित्रात मांकडची बाजू घेतली. 2022 साली त्या प्रकारास नियमावलीत अयोग्य खेळाच्या कलमातून काढून धावबादाच्या कलमात घालण्यात आले. न्याय मिळाला, पण तो यावयास 75 वर्षे लागली. मांकडचा उत्तम सामना मात्र मेलबर्नचा. कारण चार वेळा पडल्यावर पाचव्या खेपेस उठणे याहून मोठे शौर्य खेळात नाही.

त्या मेलबर्नच्या डावात मांकडबरोबर पहिल्या जोडीस 124 धावा झाल्या, त्यात चंदू सरवटे याचा वाटा 36 धावांचा. पण जुनी माणसे त्याच्यासाठी ब्रिस्बेनचा दुसरा डाव निवडतात. संघाच्या 98 धावांत त्याच्या 26. आणि त्या 26 धावांसाठी तो सुमारे तीन तास खेळपट्टीवर उभा होता. घर वाहून जात असताना एका खांबाला धरून उभ्या राहिलेल्या माणसाची किंमत पूर ओसरल्यावरच कळते.

कर्णधार लाला अमरनाथ याची कसोटीतील सरासरी अवघी 14. इतकेच लिहून ठेवले तर तो अपयशी ठरतो. परंतु कसोट्यांपूर्वी व्हिक्टोरियाविरुद्ध एकही धाव झाली नसताना तीन गडी बाद झाले होते, तेव्हा त्याने नाबाद 228 धावा केल्या. सिडनीला ऑस्ट्रेलियन इलेव्हनविरुद्धचा सामना तर भारताने 47 धावांनी जिंकला. मांकडने त्यात दुसऱ्या डावात 84 धावांत 8 गडी घेतले, गुल महंमदने 85 धावा केल्या आणि किशनचंद दोन्ही डावांत 75 व 63 धावांवर नाबाद राहिला. पहिल्या डावात त्याने शेवटचा गडी इराणी याच्यासह 97 धावा जोडल्या, तेव्हा इराणीचेही खाते येथेच भरले. ब्रॅडमन 99 धावांवर असताना अमरनाथने क्वचितच गोलंदाजी करणाऱ्या याच किशनचंदच्या हाती चेंडू दिला, आणि ब्रॅडमनचे शंभरावे शतक त्याच्याच गोलंदाजीवर पुरे झाले.

गुल महंमदचे नाव निघाले की ओसरीवर क्षणभर शांतता पसरते. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात बडोद्यासाठी त्याने व हजारे यांनी रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात 577 धावांची भागीदारी केली होती. पुढे तो पाकिस्तानकडून खेळला. अमीर इलाहीही तसाच. देशाची फाळणी झाली तरी धावफलकावर ही नावे एका संघात एकाखाली एक लिहिलेली आहेत.

हेमू अधिकारी या पुण्याच्या लष्करी अधिकाऱ्याने ॲडलेडला 51 धावा करून हजारे यांना 132 धावांची साथ दिली. रंगाचारी याने त्याच कसोटीत पदार्पण केले आणि 674 धावांच्या त्या डावात 4 गडी बाद केले. यष्टिरक्षक खोकन सेन याने दौऱ्याच्या प्रारंभी दक्षिण ऑस्ट्रेलियाविरुद्ध प्रत्यक्ष ब्रॅडमनला मांकडच्या चेंडूवर यष्टिचीत केले होते. याप्रमाणे वही भरत जाते, आणि मग येते खंडू रांगणेकर याचे नाव.

मुंबईचा हा डावखुरा फलंदाज तीन कसोट्या खेळला. सहा डावांत एकूण धावा 33. त्यातही सर्वोच्च 18. येथे सारे गप्प होतात. कोणी म्हणतो, वगळा हे नाव. परंतु नियम म्हणजे नियम. मग कोणी तरी आठवण देतो, की रांगणेकर हा त्या काळातील नामांकित क्षेत्ररक्षक होता. क्षेत्ररक्षकाने धावत जाऊन अडविलेली धाव कोणत्याही फलकावर चढत नाही, ती वाचवणाऱ्याच्या नावावर जमा होत नाही. पण ती वाचलेली असते. ज्याच्या खात्यात लिहिण्यासारखे काही नाही, त्याने काहीच केले नाही, असा अर्थ होत नाही. शाळेत जसा प्रत्येक वर्गात परीक्षेत मागे राहणारा एक मुलगा असतो, तसाच प्रत्येक संघात एक रांगणेकर असतो. आणि त्याच्यासाठी एखादे चांगले वाक्य शोधण्यास जो समाज वेळ देतो, तो समाज सुसंस्कृत म्हणावा.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. पराभवातील फुले वेचीत बसणे म्हणजे पराभवाची चटक लागणे नव्हे काय? नावेची बाजू न वाचता केवळ जमा वाचली, तर तसेच होईल. परंतु दोन्ही बाजू वाचल्या, तर कोणता दोर तुटला आणि कोणता टिकला हे कळते. ॲडलेडची कसोटी 28 जानेवारी 1948 रोजी संपली. दोनच दिवसांनी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली, आणि 6 फेब्रुवारीस हे खेळाडू परक्या भूमीवर पुन्हा मैदानात उतरले. त्या काळजाने खेळलेल्या सामन्यातही मांकडचे शतक झाले आणि हजारे यांनी 74 धावा केल्या. चार वर्षांनी, फेब्रुवारी 1952 मध्ये, मद्रास येथे भारताने इंग्लंडला हरवून आपला पहिला कसोटी विजय मिळविला. कर्णधार होते हजारे. 12 गडी घेतले मांकडने. यष्टीमागे सेन, आणि संघात फडकर व अमरनाथ. पराभवाच्या वहीत ज्यांची नावे जमेला होती, त्यांतील पाचजण विजयाच्या वहीत पहिल्याच पानावर आले.

ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर पहिली कसोटी जिंकावयास 1978 चा जानेवारी उजाडला आणि पहिली मालिका जिंकावयास 2019 चा. त्या अखेरच्या सिडनी कसोटीत भारतीय खेळाडू दंडाला काळी फीत बांधून उतरले होते. आदल्याच दिवशी, 2 जानेवारी रोजी, रमाकांत आचरेकर सर निवर्तले होते. सरांचा जन्म 1932 साली याच मालवणात झाला. प्रथम दर्जाचा सामना त्यांच्या वाट्याला आयुष्यात अवघा एक आला. त्यांच्या स्वतःच्या धावांची वही अगदी पातळ. परंतु शिवाजी पार्कवर त्यांनी घडविलेल्या शिष्यांची वही, ज्यात सचिन तेंडुलकरचे नाव आहे, ती जगाने वाचली.

म्हणून, श्रोतेहो, मोसम वाईट गेला तर तो वाईट गेला असेच म्हणावे. पण वही मिटण्यापूर्वी एकेक नाव घ्यावे. रापणीला मासळी थोडी लागली, तरी वाटे पाडल्याखेरीज मालवणच्या किनाऱ्यावरून कोणी घरी जात नाही.